पीटीओ सुटत नाही तेव्हा : मुंबईतील ट्रॅक्टर-कंप्रेसरवर नव्याने लागलेल्यांसाठी मार्गदर्शक

मुंबईत ट्रॅक्टर दिसतो तो मुख्यतः रस्त्याच्या आणि पायाच्या खोदकामावर. मागे हवेचा कंप्रेसर बसवलेला असतो, त्याच्या टाकीतून रबरी होज निघालेले असतात आणि त्यांच्या टोकाला जुने काँक्रीट फोडणारे ब्रेकर चालू असतात. जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीवर वाळू चाळून कचरा वेचणारी यंत्रे ट्रॅक्टर ओढतो, आणि मोठ्या मैदानांवरील गवत कापण्याची यंत्रेही त्याच्याच मागे जोडली जातात. अशा जोडयंत्रांपर्यंत इंजिनाची ताकद पोहोचवणारा, ट्रॅक्टरच्या मागे दोन चाकांच्या मधोमध बाहेर आलेला खाचांचा फिरता दांडा म्हणजे पीटीओ (पॉवर टेक-ऑफ). या लेखात मुख्य उदाहरण कंप्रेसरचे घेतले आहे, कारण शहरात नव्याने कामाला लागणाऱ्या माणसाची पीटीओशी पहिली गाठ बहुधा तिथेच पडते.

पीटीओ चालू होत नसेल तर काम खोळंबते. तो बंद होत नसेल तर माणसाच्या हातापायांवर आणि जिवावर बेतू शकते. त्याचा सर्वांत प्रचलित प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे इतका असतो. सदऱ्याची बाही, गळ्यातला गमछा किंवा सैल पायजमा त्यात अडकला, तर हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. म्हणून पुढील सर्व तपासणीत एक नियम कायम आहे: दांड्याजवळ हात न्यायचा असेल तेव्हा इंजिन बंद आणि किल्ली स्वतःच्या खिशात, आणि इंजिन चालू असेल तेव्हा दांड्याजवळ कोणीही नाही.

सर्वप्रथम यंत्र कसे थांबवावे

काम संपले, लिव्हर ओढला आणि मागचा दांडा फिरतच राहिला, तर पहिली प्रतिक्रिया बहुधा खाली उतरून मागे जाऊन पाहण्याची असते. तसे करू नये. सीटवरच बसून हाताचा ॲक्सिलरेटर पूर्ण खाली आणावा, ब्रेकरवरील माणसांना बाजूला होण्यास सांगावे, क्लचचे पेडल शेवटपर्यंत दाबावे आणि पीटीओचा लिव्हर पुन्हा एकदा न्यूट्रलमध्ये आणून पाहावा. जोर लावूनही लिव्हर येत नसेल, तर त्याच्याशी झटापट न करता इंजिन बंद करावे.

येथे नवख्या माणसाने एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यायला हवी. अनेक जुन्या डिझेल ट्रॅक्टरांवर किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही. किल्ली फक्त विजेचा पुरवठा तोडते, आणि इंजिन थांबवण्यासाठी डॅशबोर्डजवळचा स्टॉप नॉब ओढून धरावा लागतो. कामाला लागण्यापूर्वी हा नॉब कुठे आहे, त्याची तार अडकलेली नाही ना, हे स्वतः ओढून पाहावे. नॉबची तार तुटली असेल, तर डिझेल टाकीखालचा कॉक बंद केल्यावर पाइपांत उरलेले डिझेल संपून इंजिन थांबते. त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी यंत्रापासून दूर राहावे. अशा रीतीने थांबवलेल्या इंजिनाच्या इंधनमार्गात हवा शिरते आणि पुढच्या वेळी ती काढावी लागते, पण ते काम नंतरचे.

इंजिन थांबल्यावर मुख्य गियर न्यूट्रलला आणावा, हँडब्रेक लावावा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून टाकीतील सर्व हवा सोडावी. गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. हवा सोडणे हा केवळ सुरक्षिततेचा उपाय नाही. पीटीओ सुटण्याशी त्याचा थेट संबंध आहे, आणि तो पुढे येईलच.

तक्रार नेमकी कोणती आहे

साइटवर सगळे एकच वाक्य बोलतात: पीटीओ सुटत नाही. या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात, आणि ते वेगळे केले नाहीत तर भलताच भाग उघडला जातो.

पहिल्या प्रकारात लिव्हर जागचा हलतच नाही, किंवा अर्ध्यावर येऊन अडतो. दुसऱ्या प्रकारात लिव्हर सहज न्यूट्रलला येतो, पण दांडा पूर्वीच्याच जोमाने फिरत राहतो. तिसऱ्या प्रकारात लिव्हर येतो, दांड्याचा वेगही उतरतो, पण तो पूर्ण थांबत नाही. रेंगाळत फिरत राहतो किंवा बऱ्याच वेळाने थांबतो. पहिल्या प्रकारात दोष बहुधा लिव्हर, त्याचे सांधे किंवा दातांवर आलेल्या ताणात असतो. दुसऱ्यात लिव्हर आणि आतील कपलर (दांड्याला इंजिनाच्या ताकदीशी जोडणारा दातांचा सरकता भाग) यांचा संबंध तुटलेला असतो, किंवा जेथे पीटीओ क्लचने तोडला जातो तेथे तो क्लच सुटत नसतो. तिसऱ्या प्रकारात पुष्कळदा बिघाडच नसतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यापायी विनाकारण खर्च होतो. कंप्रेसरच्या जड पुलीला आणि गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यांना एकदा गती मिळाली की ताकद तोडल्यावरही ती काही काळ फिरत राहतात, आणि जोडलेला दांडाही त्यांच्याबरोबर फिरतो. ओल्या क्लचच्या, म्हणजे तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांच्या पीटीओमध्ये तर मागे काहीही जोडलेले नसताना, विशेषतः तेल थंड असताना, तेलाच्या चिकटपणामुळेच दांडा हळूहळू फिरतो. यंत्र जोडल्यावर तो थांबत असेल तर ते सामान्य आहे. असा दांडा हाताने किंवा पायाने धरून थांबतो का, हे कोणी करून दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवावे. ताकद किती उरली आहे हे अंगाने मोजायची ती गोष्ट नाही.

आपल्या ट्रॅक्टरचा पीटीओ कोणत्या जातीचा

बिघाडाचा प्रकार समजला की यंत्राची जात ओळखावी. त्यासाठी ट्रॅक्टरची पुस्तिका सर्वांत उत्तम. ती साइटवर क्वचितच असते, म्हणून ती मालकाकडून मागून घ्यावी, किंवा निदान संबंधित पानांचे फोटो मोबाइलवर ठेवावेत. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात, आणि तिच्या अहवालात त्या मॉडेलचा क्लच, पीटीओचा प्रकार आणि प्रमाणित पीटीओ वेगासाठी लागणारा इंजिनाचा वेग दिलेला असतो.

पुस्तिका नसेल तर पायाने ओळखता येते. पेडल दाबताना एकच सलग विरोध जाणवत असेल आणि पेडल दाबताच चाके व पीटीओ दोन्ही एकदम सुटत असतील, तर तो सिंगल क्लच. पेडल अर्ध्यावर आल्यावर पुन्हा नवा, जास्त कडक विरोध जाणवत असेल, तर तो डबल क्लच: पहिल्या टप्प्यात चाकांची ताकद तुटते, दुसऱ्या टप्प्यात पीटीओची. पीटीओसाठी हाताचा वेगळा लिव्हर असून तो पेडल न दाबता चालू-बंद करता येत असेल, तर तो स्वतंत्र पीटीओ. त्यातही काहींमध्ये लिव्हर थेट क्लचला ओढतो, तर काहींमध्ये एखादी कळ किंवा बटण विजेच्या झडपेमार्फत तेलाचा दाब सोडते. नव्या ट्रॅक्टरांवर पीटीओची कळ साधारणपणे पिवळ्या रंगाची असते.

लिव्हरच्या जागा किती आहेत तेही मोजावे. काही मॉडेलांमध्ये चालू आणि बंद यांखेरीज दुसरा वेग, उलटी दिशा किंवा चाकांच्या वेगाशी जोडलेला पीटीओ अशा आणखी जागा असतात, आणि न्यूट्रल या सगळ्यांच्या मधे कुठेतरी असतो. नवखा माणूस लिव्हर जोरात ओढतो, तो न्यूट्रल ओलांडून पलीकडच्या जागेत जातो आणि दांडा फिरतच राहतो. ट्रॅक्टर उभा असताना दांडा थांबलेला असतो, पण ट्रॅक्टर चालू लागताच तोही फिरू लागतो, असे दिसले तर लिव्हर हमखास चाकांशी जोडलेल्या जागेत अडकला आहे. काहीही उघडण्यापूर्वी एवढे पाहावे. पुष्कळ वेळा काम इथेच संपते.

इंजिन बंद ठेवून करायची तपासणी

इंजिन बंद, किल्ली खिशात, टाकीतील हवा शून्य, ही स्थिती पुन्हा पडताळून मगच मागच्या बाजूला यावे.

लिव्हर अडलेला असेल तर प्रथम दातांवरील ताण उतरवून पाहावा. पीटीओ चालू असतो तेव्हा आतील सरकता कपलर आणि त्याच्या जोडीचा गियर यांचे दात एकमेकांवर पूर्ण ताकदीने रेटलेले असतात. क्लच दाबल्यावर हा रेटा जायला हवा. पण कंप्रेसरच्या झडपा गळक्या असतील तर टाकीतील दाब सिलिंडरमध्ये परत येऊन पुलीला उलट ढकलत राहतो, आणि दात एकमेकांत घट्ट धरून राहतात. म्हणूनच हवा आधी सोडायची. त्यानंतर एकाने सीटवर बसून क्लच शेवटपर्यंत दाबून धरावा आणि दुसऱ्याने कंप्रेसरची पुली हाताने किंचित पुढे-मागे हलवावी. पट्ट्यांमध्ये किंवा पट्टा आणि पुली यांच्यामध्ये बोटे जाणार नाहीत अशा रीतीने पुली बाहेरच्या कडेने धरावी. ताण उतरला की बहुतेक वेळा लिव्हर दोन बोटांनी निघतो. लिव्हरवर लोखंडी पाइप चढवून जोर लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तिने लिव्हर वाकतो किंवा आतील फोर्क (कपलरला सरकवणारा दुबेळका) तुटतो आणि दहा मिनिटांचे काम गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जाते, म्हणून ती पूर्णपणे टाळावी.

ताण उतरूनही लिव्हर हलत नसेल, तर त्याच्या खालच्या सांध्यांकडे पाहावे. मुंबईच्या कामावर येथे एक खास अडचण होते. काँक्रीट फोडताना उडणारी सिमेंटची बारीक धूळ तेल-ग्रीस लागलेल्या प्रत्येक सांध्यावर बसते, पावसाच्या पाण्याने तिचा लगदा होतो आणि तो वाळून दगडासारखा घट्ट होतो. त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेचा गंज. शेतातला ट्रॅक्टर पीटीओचा लिव्हर दिवसातून कितीदा तरी हलवतो. कंप्रेसरचा ट्रॅक्टर मात्र सकाळी लिव्हर टाकतो, म्हणजे पीटीओ जोडतो, तो थेट संध्याकाळी काढतो, आणि काही ठिकाणी तर पीटीओ कायम जोडलेलाच ठेवून नुसते इंजिन बंद-चालू केले जाते. असा लिव्हर काही महिन्यांत जागीच जाम होतो. सांधे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, गंज सोडवणारे तेल मारून ते मुरू द्यावे, आणि मग लिव्हर हळूहळू दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवत मोकळा करावा. मोकळा झाल्यावर ग्रीस भरायला विसरू नये. नुसत्या पातळ तेलावर सोडलेला सांधा पुन्हा जाम होतो.

लिव्हर सहज हलतो पण काहीच परिणाम होत नाही, असे असेल तर कोणीतरी लिव्हर हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या अंगाशी असलेल्या शेवटच्या आर्मकडे पाहावे. वरचा लिव्हर हलतो आणि खालचा आर्म हलत नाही, तर मधली पिन निघाली आहे, स्प्लिट पिन तुटली आहे, सळई वाकली आहे किंवा केबल ताणून लांब झाली आहे. हे सर्व बाहेरचे दोष आहेत आणि साध्या सुट्या भागांनी दुरुस्त होतात. पिनेच्या जागी खिळा किंवा तार घालून काम भागवू नये. धक्क्यांनी ती निसटते, आणि निसटण्याची वेळ आपण ठरवत नाही. खालचा आर्म पूर्ण हलतो आणि तरीही दांडा सुटत नसेल, तर दोष आत आहे: फोर्क तुटला असेल, आर्मवरील पिन कातरली गेली असेल, किंवा लिव्हरला जागेवर धरणारी गोळी व तिची स्प्रिंग निकामी झाली असेल.

आतला दोष पडताळण्यासाठी जोडणी काढून टाकावी. पट्टे असतील तर पट्टे उतरवावेत, शाफ्ट असेल तर त्याच्या योकची, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या टोकाची, कळ दाबून शाफ्ट मागे ओढावा. मग लिव्हर न्यूट्रलमध्ये असताना पीटीओचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरत असेल तर कपलर सुटलेला आहे. तो इंजिनाच्या कॉम्प्रेशनचा विरोध देत असेल तर कपलर अजून दातांत आहे. ज्या ट्रॅक्टरांत पीटीओ बंद केल्यावर दांडा धरून ठेवणारा ब्रेक असतो, त्यांना मात्र ही चाचणी लागू पडत नाही, कारण तिथे दांडा न फिरणे हेच योग्य.

सीटवरून करायची चाचणी

बंद अवस्थेतील तपासणीत काही सापडले नाही, तर इंजिन चालू करून एक चाचणी करावी. मुंबईच्या रस्त्यावर ती करण्याजोगी मोकळी जागा मिळत नाही, म्हणून बॅरिकेडच्या आत किंवा गोदामाच्या आवारात करावी. मागे काहीही जोडलेले नसावे आणि दांड्यावरचे संरक्षक कवच जागेवर असावे. दुसरा माणूस ट्रॅक्टरच्या बाजूला, निदान काही मीटर दूर, चालकाला दिसेल असा उभा असावा. त्याचे काम फक्त पाहणे आणि हाताने खूण करणे.

इंजिन मंद गतीवर ठेवून पेडल पूर्ण दाबावे, पीटीओ जोडावा, पेडल सोडावे आणि दांडा फिरू लागल्याची खूण मिळाल्यावर पुन्हा पेडल शेवटपर्यंत दाबावे. दांडा काही सेकंदांत थांबला तर क्लच ठीक आहे. मग लिव्हर काढून पेडल सोडावे आणि दांडा थांबलेलाच राहतो का ते पाहावे. तो पुन्हा फिरू लागला, तर कपलर सुटत नाही. पेडल पूर्ण दाबूनही दांडा थांबत नसेल आणि लिव्हर काढताना आतून खर्रखर्र आवाज येत असेल, तर क्लच सुटत नाही. पेडल दाबले की दांडा मंदावतो पण थांबत नाही आणि त्याच वेळी क्लचच्या बाजूने किंचाळल्यासारखा आवाज येतो, तर फ्लायव्हीलमधील (इंजिनाच्या मागच्या जड चाकातील) लहान बेअरिंग किंवा एकातून दुसरा जाणाऱ्या दोन शाफ्टांमधील बेअरिंग जाम झाल्याची शक्यता असते. स्वतंत्र पीटीओत हीच चाचणी पेडलऐवजी त्याच्या लिव्हरने किंवा कळीने करावी. या चार निष्कर्षांपैकी जो निघेल तो लिहून ठेवावा. मेस्त्रीला तो सांगता आला, तर त्याचा आणि तुमचा निम्मा दिवस वाचतो.

क्लच सुटत नसेल तर

डबल क्लचच्या ट्रॅक्टरांत सर्वांत जास्त आढळणारे कारण अगदी साधे असते: पेडल दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. पायाखाली जाड रबरी मॅट किंवा पोत्याचा तुकडा टाकलेला असतो, पेडलखाली माती आणि खडी साचलेली असते, किंवा चालक सीट मागे सरकवून बसतो आणि त्याचा पाय पुरत नाही. हे आधी पाहावे.

त्यानंतर पेडलचा मोकळा खेळ मोजावा. पेडल हाताने हलके दाबत गेल्यावर विरोध जाणवेपर्यंत ते जितके खाली जाते तितका हा खेळ. पट्टी धरून तो मिलिमीटरमध्ये मोजता येतो. अनेक ट्रॅक्टरांत तो २० ते ३० मिमीच्या आसपास ठेवतात, पण आपल्या मॉडेलसाठी पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. खेळ जास्त झाला तर पेडलचा प्रवास वाया जातो आणि क्लच पूर्ण उघडत नाही. फार कमी झाला तर क्लच घसरतो आणि पेडल दाबल्यावर क्लच उघडणारे रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून झिजते. पेडलला जोडलेल्या सळईवरचा लॉकनट सैल करून सळईची लांबी बदलली की खेळ बदलतो. थोडे फिरवावे, पुन्हा मोजावे आणि शेवटी लॉकनट घट्ट करावा. क्लच हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) खिडकीतून दिसणाऱ्या फिंगरांचे, म्हणजे क्लच उघडणाऱ्या छोट्या लिव्हरांचे, समायोजन मात्र नवख्याने करू नये. सर्व फिंगर समान अंतरावर नसतील तर प्लेट तिरकी उघडते आणि दोष वाढतो.

दुसरे कारण पावसाळ्यानंतर हटकून भेटते. पावसाळ्यात रस्ते खोदण्याची कामे बरीच कमी होतात, कंप्रेसरचे ट्रॅक्टर कुठेतरी उड्डाणपुलाखाली किंवा उघड्या आवारात महिनोन् महिने उभे राहतात, आणि क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला किंवा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला चिकटून बसते. ऑक्टोबरात ट्रॅक्टर चालू केला की पेडल नेहमीसारखेच दबते, पण दांडा सुटत नाही. सखल भागात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगमध्ये तुंबलेले पाणीही शिरू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा तर शहरातली असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच हाउसिंगच्या तळाला निचऱ्याचे छिद्र असते. ते मोकळे करून पाहावे: पाणी आले तर ओल आत गेली आहे, तेल आले तर इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे सील गळत आहे.

चिकटलेली प्लेट सोडवण्याचा सौम्य उपाय असा की इंजिन बंद असताना लिव्हर न्यूट्रलला आणावा (इंजिन थांबल्यावर तो बहुधा येतो), मग इंजिन अर्धा तास मंद गतीवर चालवून हाउसिंग गरम होऊ द्यावे, इंजिन बंद करावे आणि पेडल पूर्ण दाबून लाकडी टेकूने रात्रभर तसेच ठेवावे. हलका गंज असेल तर प्लेट सुटते. गियरमध्ये ट्रॅक्टर पळवून, क्लच दाबून, जोरात ब्रेक मारत प्लेट झटक्याने तोडण्याचा प्रकार काही जण सुचवतात. मुंबईच्या रस्त्यावर तो करण्याचा विचारही करू नये, आणि मोकळ्या आवारातही मी तो सुचवणार नाही, कारण प्लेटचे अस्तर उखडले की त्याचे तुकडे आतच अडकतात आणि दोष कायमचा होतो.

तेलाच्या दाबावर चालणारा पीटीओ

येथे दोष विजेचा आहे की तेलाचा, हे एका साध्या चाचणीने कळते. इंजिन बंद करून पीटीओच्या झडपेवरील विजेचा प्लग काढावा, मग सीटवर बसून इंजिन चालू करावे. ज्या रचनेत वीज मिळाल्यावरच झडप उघडते, तिथे प्लग काढल्यावर पीटीओ थांबला तर दोष कळ, रिले किंवा वायरिंगचा. तरीही फिरत राहिला तर झडप घाणीने उघडी अडकली आहे किंवा क्लचच्या प्लेटा तापून एकमेकींना चिकटल्या आहेत. तेलाची कांडी काढून रंग पाहावा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, जळका वास आला तर प्लेटा तापल्या आहेत. या क्लचला उत्पादकाने सांगितलेलेच तेल लागते. साधे गियर ऑइल भरले तर प्लेटा नीट सुटत नाहीत.

पीटीओ जोडलेला असताना इंजिन चालू होऊ न देणारा सुरक्षा स्विच काही ट्रॅक्टरांवर असतो. दोष शोधण्याच्या नादात तो वायरने जोडून निकामी करू नये.

मेस्त्रीकडे केव्हा आणि कसे न्यावे

फोर्क, आतील बेअरिंग, क्लच प्लेट किंवा ओला क्लच यांपैकी काही निघाले, तर गिअरबॉक्स उघडावा लागतो किंवा ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. हे काम सपाट, पक्क्या जमिनीवर, योग्य स्टँड लावूनच करायचे असते. रस्त्याच्या कडेला जॅक आणि विटा लावून ते सुरू करू देऊ नये, मेस्त्री कितीही आत्मविश्वासाने सांगत असला तरी. ट्रक-टॅक्सीचे गॅरेज मुंबईत पावलोपावली आहे, पण ट्रॅक्टरचा क्लच जाणणारा कारागीर भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूंना सापडण्याची शक्यता जास्त असते.

ट्रॅक्टर तिथपर्यंत नेताना पीटीओ जोडलेल्या अवस्थेत, कंप्रेसर फिरत असताना तो वाहतुकीतून चालवत नेऊ नये. इंजिन बंद करून पट्टे किंवा शाफ्ट काढावा आणि दांड्यावर टोपी बसवावी. दांडा उघडाच फिरत राहणार असेल, तर ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून नेणे हाच मार्ग. मालकाला तो खर्च जड वाटतो, पण सिग्नलला मागे येऊन उभ्या राहणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या दांड्याची कल्पना नसते.

मेस्त्रीला मॉडेल, क्लचचा प्रकार, सीटवरील चाचणीचा निष्कर्ष, ट्रॅक्टर किती काळ बंद उभा होता आणि पाण्यात गेला होता का, एवढे सांगावे. जुना भाग परत मागावा आणि त्यावरील क्रमांक नव्याशी पडताळावा. क्लच उघडलाच असेल तर रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधील बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्यावे.

दुरुस्तीनंतर

ट्रॅक्टर परत आल्यावर कंप्रेसर जोडण्यापूर्वी सीटवरची चाचणी पुन्हा करावी, आधी थंड इंजिनावर आणि मग इंजिन तापल्यावर. दोन्ही वेळा दांडा थांबला तरच यंत्र जोडावे.

रोजचे काम थांबवताना क्रम असा ठेवावा: ब्रेकर बंद, इंजिन मंद, टाकीची हवा सोडणे, क्लच पूर्ण दाबणे, लिव्हर न्यूट्रल, आणि दांडा थांबल्याचे पाहून इंजिन बंद. पीटीओ जोडतानाही इंजिन मंद असावे. वेगात जोडल्याने दातांच्या कडा तुटतात आणि पुढे हाच कपलर सुटेनासा होतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत निदान एकदा लिव्हर काढून पुन्हा टाकावा, म्हणजे सांधे हलते राहतात. सिमेंटची धूळ रोज कोरड्या ब्रशने झाडावी, पाण्याच्या फवाऱ्याने नव्हे. ट्रॅक्टर पावसाळ्यात उभा ठेवायचा असेल तर पीटीओ न्यूट्रल, पेडल दाबून लाकडी टेकूने अडकवलेले, क्लच हाउसिंगचे निचऱ्याचे छिद्र मोकळे, आणि जागा पाणी तुंबणार नाही अशी उंचावरची निवडावी. टेकू लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी, म्हणजे पुढे ट्रॅक्टर चालू करणारा माणूस दुसरा असला तरी त्याला ते कळेल.